चार दवाखान्यांची सावड

तिसगावच्या लवांड्यांच्या घरात एकट्या पोराच्या हातावर काही ठेवायची पद्धत नव्हती. गूळ दिला तर सगळ्यांना, शेंगा भाजल्या तर सगळ्यांना. बाजारातून एकच पेरू आला तरी विळीवर त्याच्या फोडी व्हायच्या. घरात तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका आणि ओसरीभर पोरं. चूल एकच, आणि तिच्यावर सत्ता सासूची, साळूबाईंची. “एकाला दिलं आन् एकाला न्हाई, की घर फुटलंच,” असं त्या म्हणत. तीन सुनांचं घर त्यांनी इतकी वर्षं फुटू दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला कोणी आडवं जात नसे.

मनकर्णा थोरली सून. चाळिशीची, उंच, बोलायला कमी. त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा रानात काहीच नव्हतं. तिघी जावा दुष्काळी कामावर बांध घालायच्या बंडिंगची माती वाहायला जात होत्या आणि पोरं साळूबाईंजवळ राहत होती. त्याच दिवसांत मधल्या जावेची, पुष्पावतीची, सात वर्षांची मुक्ता कान फुटून तापली. गावच्या धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टर पुंजारामांनी तिला तपासलं, कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, “या दोन दिवसांच्या आहेत. राहिलेल्या परवाच्या बाजारी न्या. मध्ये खंड पाडू नका.”

घरात त्या वेळी आणखी चार पोरं खोकत होती. साळूबाईंनी कॅप्सूल उघडल्या, आतली पूड गुळाच्या पाण्यात कालवली आणि पाचही पोरांना बोटाबोटानं चाटवली. औषध चांगलं आहे, तर ते एकट्या मुक्तालाच का, एवढाच त्यांचा विचार. पुढच्या बाजारी पुष्पावती राहिलेलं औषध आणायला गेली, तर दवाखान्यात ते नव्हतंच. नगरच्या व्यापाऱ्यानं त्या खेपेला नुसत्या टॉनिकच्या बाटल्या पाठवल्या होत्या.

मुक्ताला नगरच्या इस्पितळात नेलं तेव्हा कानामागं गळू धरलं होतं. ऑपरेशन झालं, पोर वाचली. एक कान पुरता गेला, दुसऱ्यानं थोडंफार ऐकू यायचं. तिला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे.

साळूबाईंना घरात कोणी काही बोललं नाही. न बोलण्याचेही प्रकार असतात. पुष्पावतीनं सासूच्या हातची भाकरी खाणं सोडलं. ती तवा उतरल्यावर स्वतःची वेगळी थापून घ्यायची. साळूबाई ते बघायच्या आणि परातीतलं पीठ तिच्याकडं सरकवून द्यायच्या. अशी वीसेक दिवस एकाच चुलीवर दोन घरं चालली.

एके दिवशी माती वाहून परतताना पुष्पावती वाटेतच बसली आणि म्हणाली, “थोरल्या बाई, मला त्यांचं तोंड बघवंना.”

“बघू नगं,” मनकर्णा म्हणाली. “पर दवाखान्यानं तरी काय शानपणा केला? त्यांच्याकडं व्हतं का पुरतं?”

तिनं असं विचारायला कारण होतं. दवाखान्याची जागा तिच्या सासऱ्यांनी दिली होती. ते गेल्यावर कमिटीत नवऱ्याचं, श्रीमंतचं, नाव लागलं. श्रीमंतला सभेत बसलं की झोप येई, म्हणून त्यानं बायकोला पाठवायला सुरुवात केली. कमिटीला वाटलं, येईल दोनदा आणि थांबेल. ती तीन वर्षं येत राहिली. एवढ्या सभांमध्ये तिला विचारलेला प्रश्न एकच होता: वहिनी, चहा सांगता का?

दुसऱ्या दिवशी ती खाडा करून दवाखान्यात गेली. डॉक्टर पुंजाराम चाळिशीच्या आतले, बारीक अंगाचे, शहराची वाट न धरणारे गृहस्थ. तिनं खुर्ची घेतली नाही.

“डाक्टरसायब, दोनच दिसांचं का दिलं?”

“तेवढंच होतं.”

“मग येवढ्यात एकाचं पुरं केलं आसतं.”

“आणि बाकीच्यांना काय सांगू?” डॉक्टर म्हणाले. “दाराशी वीस जण बसतात. माझ्याजवळ आठांचं असतं. बारा जणांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं मला जमत नाही. मग मी सगळ्यांना थोडं थोडं देतो.”

“म्हंजी आमच्या आत्याबाईंनी केलं त्येच.”

“तेच. त्यांना माहीत नव्हतं, मी माहीत असून करतो. अर्धवट औषधानं रोग मरत नाही, मुरतो.”

मग त्यांनी तिला बसवून सांगितलं. छोटा दवाखाना, छोटी मागणी. मुंबईच्या कंपन्या अशा मागणीला उत्तरही देत नाहीत. नगरचा व्यापारी देतो, पण त्याच्या मर्जीनं: टॉनिकच्या पेट्या उचलल्या तर कॅप्सूल. शेवगाव, करंजी, नेवासा इथल्या धर्मादाय दवाखान्यांचंही असंच. प्रत्येकाकडं वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या रंगाचं. ऊसतोडीला इकडची माणसं तिकडं नेवाशाकडं जातात. इथं सुरू केलेलं औषध तिथं रंग बदलून मिळालं की बाया ते उकिरड्यावर टाकतात. चौघांनी मिळून एकच मागणी केली, तीच तीच मोजकी औषधं मागवली, तर कंपनी थेट माल पाठवील. चौघांतल्या एका डॉक्टरानं तर कंपनीला पत्र घालून तसं विचारूनही ठेवलं होतं.

“मंग आडलंय कुठं?”

“चार गावचे चार अध्यक्ष,” डॉक्टर म्हणाले. “एका सतरंजीवर बसवून दाखवा.”

मनकर्णानं ते मनावर घेतलं. पाऊस चांगला झाला, पेरण्या उरकल्या, तशी ती एसटीनं हिंडू लागली. करंजी तिचं माहेर. तिथल्या दवाखान्याचं चुलतभाऊ बन्सी बघायचा, तो लगेच हो म्हणाला. शेवगावच्या आप्पासाहेबांनी तिला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनंच तिला आत घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, “एकदा व्हय म्हना, म्हंजी ही बाई आपल्या घरी ऱ्हायची थांबंल.” नेवाशाचे राधाकृष्ण शिकलेले, कारखान्याच्या भागातले, ओलिताखालची जमीन असलेले. कोरडवाहू गावांबरोबर भागी करण्यात आपलं काय हित, हे त्यांना समजत नव्हतं. पण बोलावलं आहे तर येतो, म्हणाले.

बैठक लवांड्यांच्या ओसरीत झाली. तिसगावचे अध्यक्ष आबासाहेब मध्ये बसले, डॉक्टर पुंजाराम त्यांच्या शेजारी. मनकर्णा आत पिठलं हलवत होती आणि पाण्याचे तांबे घेऊन बाहेर येत होती. तांब्याबरोबर एकेक वाक्य आणायची.

“आमचा माल आमचा,” आप्पासाहेब म्हणाले. “उद्या खोकी तिसगावात उतरली आन् तुमी दाबून ठिवली, तर आमी काय करायचं?”

“सावड करताना काय करता?” तिनं तांब्या ठेवत विचारलं.

ओसरीत कोणाला सावड समजावून सांगायची गरज नव्हती. एकाच्या दावणीला एक बैल, शेजाऱ्याच्या दावणीला एक. एकट्या बैलानं पेरणीची पाभर चालत नाही. मग दोघं आपापले बैल एकत्र जुंपतात आणि पाळीनं दोन्ही रानं पेरतात.

“सावडीत भांडनं किती व्हत्यात त्ये बी सांगा, वहिनी,” आबासाहेब हसत म्हणाले.

“पाळीवरून व्हत्यात. म्हनून पाळी आदी ठरवायची. ज्याचं रान आदी वापशावर येतं, पेरायजोगं व्हतं, त्याची पेर आदी. मग बैल कुनाच्या बी दावनीला आसू द्या.”

राधाकृष्ण पहिल्यांदा सरसावून बसले. “म्हणजे माल कमी आला तर?”

“ज्याच्या दवाखान्यावर गर्दी आदी, त्याला आदी.”

डॉक्टरांनी मागवायच्या औषधांची नावं वाचून दाखवली. ती इतकी थोडी होती की आप्पासाहेबांना अपमान वाटला. “ताकदीचं लाल औषध न्हाई यात. लाल बाटली दिसली न्हाई तर आमच्याकडं लोक दवाखान्याला दवाखाना म्हनत न्हाईत.”

“लाल पानी तुमचं तुमी करा,” दारातून मनकर्णा म्हणाली. “सावडीत बैल येतो, झूल येत न्हाई.”

बन्सी एवढा हसला की त्याला ठसका लागला. आप्पासाहेब हसले नाहीत, पण जेवायला बसले. पिठलं दोनदा मागून घेतलं. हात धुताना म्हणाले, “बरं. यंदाच्या सालापुरतं.”

मागणी गेली. माल तिसगावात उतरवायचा, कारण रस्ता सोयीचा आणि डॉक्टरांच्या खोलीला ओल नव्हती. कंपनीनं दसऱ्याच्या आत पाठवायचं कबूल केलं. दसरा गेला. दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या जोडू लागल्या. मग एका दुपारी नगरकडून ट्रक आला आणि दवाखान्यासमोर खोकी उतरवून गेला. डॉक्टरांनी ती उघडली. चौघांची मागणी होती, माल आला होता निम्म्याच्याही आत. बाकीचा मागाहून येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली. आबासाहेब दवाखान्यात आले तेव्हा मनकर्णा तिथंच होती.

“येवढ्यात आपलं तर भागतं,” आबासाहेब म्हणाले. “बाकीचा आला की वाटू.”

“ह्यो नेवाशाचा हाय. तिकडं टोळ्या पोचायला लागल्यात. गर्दी तिथं आदी.”

“वहिनी, माल आपल्या दारात हाय.”

“बैल बी दारातच आसतो, आबासायब.”

“त्ये बोलायला ठीक हाय. उद्या आपल्या गावातलं मानूस मेलं तर लोक मला इचारतील, तुमाला न्हाई. आन् त्ये राधाकृष्ण बागाईतदार. त्यांच्याकडं गाड्या हायेत, नगर हाय, पुनं हाय. त्ये कुठून बी आनतील.”

यात खोटं काही नव्हतं. “आज आपुन ठिवून घेतलं, तर पुन्हा चौघं यायचे न्हाईत,” ती म्हणाली. “मंग परत आठांचं औशीद वीस जनांना. त्येच चालवायचं का?”

आबासाहेबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “पाळी नेवाशाचीच आहे. मला आवडत नाही, पण आहे.”

“मंग तुमीच पोचवा,” आबासाहेब चप्पल घालत म्हणाले. “कमिटीची गाडी मिळनार न्हाई.”

घरी श्रीमंतनं तिला विचारलं, “तुला गावात ऱ्हायचंय का नेवाशात?”

“गावातच. दोन दिसांत येते.”

“आन् लोक मला काय म्हनतील?”

“म्हनतील, बायकूला आवरता येत न्हाई. आदी बी म्हनतच व्हते.”

पुष्पावतीनं वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. गाठ दोनदा बघितली.

सकाळी एसटीच्या कंडक्टरनं खोकी पाहून हात वर केले. काचेचा माल टपावर घेणार नाही, फुटला तर कोण निस्तरणार? मनकर्णा स्टँडच्या कडेला खोक्यांजवळ उभी राहिली. समोरून टोळीच्या बैलगाड्या चालल्या होत्या. गाडीत कोयते, भांडी, घोंगड्या, पोरं, कोंबड्या. मुकादम गहिनीनाथ पुढच्या गाडीशेजारून चालत होता. त्यानं तिला ओळखलं.

“काय अक्का, तोडीला चाललाव व्हय?”

“चालले आसते, कोयता जड झालाय. ह्ये नेवाशाला पोचवायचंय. औशिदं हायेत.”

“तिसगावची नेवाशाला? आमी तर उलटं ऐकलं, आबासायब ठिवून घेनार म्हनून.”

“तुमी कुठं चाललाव?”

“नेवाशालाच की.”

“पोरं?”

गहिनीनाथानं मागं वळून गाड्यांवर नजर टाकली. त्याच्या पाठीमागच्या गाडीत एक पोर आईच्या पदराआड ढास लागून खोकत होतं. त्यानं दोन घोंगड्या ओढल्या, गाडीच्या तळाशी अंथरल्या आणि गड्यांना हाक मारली. “चढवा रं. हळू. आपल्याच पोरांचं हाय.”

बैलगाडीनं नेवासा एका दिवसाचा रस्ता नव्हे. मनकर्णा कधी गाडीत, कधी पायी. वाटेत मुक्काम पडला तेव्हा टोळीतल्या लंकाबाईनं तिला आपल्या शेजारी जागा दिली आणि तोंडाचा पट्टा सोडला. “तुमी लोक इकडं औशीद ठिवता, आमी तिकडं जातो, तिथं कुनी वळखत न्हाई. मागल्या साली माझ्या दिराचा ल्योक तिथं तापानं गेला. दवाखान्यात ‘तुमच्या गावाला जा’ म्हनले व्हते. गावाला कशानं जायाचं, उसातून?”

दवाखान्यात गर्दी आधी कुठं, हे आतापर्यंत मनकर्णा हिशेबासारखं बोलत होती. त्या रात्री ती खोक्यांना पाठ लावून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या नेवाशाच्या दवाखान्यासमोर थांबल्या. राधाकृष्ण जीपमध्ये बसण्याच्या बेतात होते. खोकी बघून ते खाली उतरले, एका खोक्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

“तुमचा माल कमी आल्याचं कळलं होतं,” ते म्हणाले. “येणार नाही असं धरूनच मी नगरला निघालो होतो. आमचं आम्ही घेतलं असतं आणि तुमच्या सावडीला रामराम केला असता.”

“आता?”

“आता जीप परत घरी.” त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. “पण मनकर्णाबाई, तिसगावात काय ठेवलं तुम्ही?”

“काई न्हाई.”

“काहीच नाही?”

“पाळी तुमची हाय. पर एक आट हाय. टोळीचं पोर आलं तर ‘तुमच्या गावाला जा’ म्हनायचं न्हाई. आन् पुरतं द्यायचं. एकाचं पुरं करून दुसऱ्याला पुरत नसंल, तर त्याला सुरूच करायचं न्हाई, गाडी करून नगरला पाठवायचं.”

राधाकृष्णांना अटी ऐकायची सवय नव्हती. त्यांनी दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं. तिथं गहिनीनाथाच्या टोळीतली ती बाई खोकणारं पोर कडेवर घेऊन आधीच उभी होती. “या आत,” ते तिला म्हणाले, आणि मग मनकर्णाकडं वळून, “कबूल.”

ती एसटीनं परत आली. तिसगावातली रिकामी खोली तशीच होती. कंपनीचा बाकीचा माल कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर दारातून माणसं परत पाठवू शकत नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणून सकाळचं काम उरकलं की ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसू लागली. डॉक्टर तपासत. औषध लागणार असेल तर ते बाहेर येऊन नुसतं सांगत, आणि पुढचं ती बोले.

“औशीद न्हाई. नगरला जावा. आजच जावा, उद्यावर टाकू नका.”

“कुनी नेलं?”

“मी नेलं.”

लोक काय काय बोलले. नेवाशात हिला शेत मिळणार आहे, बागाईतदारांची चाकरी करते, सासऱ्यानं जागा दिली आणि सुनेनं दवाखाना विकला. एका म्हातारीनं तिच्यासमोर बोटं मोडली. मनकर्णा तिला हाताला धरून स्टँडपर्यंत घेऊन गेली आणि एसटीत बसवून आली. म्हातारीनं बोटं मोडणं एसटीतही थांबवलं नाही.

त्याच दिवसांत करंजीची एक बाळंतीण तापानं गेली. मनकर्णाच्या माहेरच्या भावकीतली. बन्सी स्वतः सांगायला आला आणि तिच्याकडं न बघता परत गेला. तिनं डॉक्टरांना विचारलं, “औशीद आसतं तर वाचली आसती?”

“कदाचित,” डॉक्टर म्हणाले. “नक्की सांगता येत नाही.”

त्यांनी खोटा धीर दिला नाही. ती त्या दिवशी घरी जाऊन ज्वारीच्या राखणीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत पायरीवर. आबासाहेब जाता जाता थांबले. त्यांना बोलायचं होतं, ते बोललेही: “मी सांगितलं व्हतं.”

“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “बसता का जरा? म्या येकटीनंच सगळ्यांना सांगायचं म्हंजी लई व्हतं.”

आबासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग धोतर सावरून ते पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकले. त्यानंतर आलेल्या माणसाला ‘औषध नाही’ हे त्यांनी सांगितलं. त्या माणसानं त्यांनाही शिव्या घातल्या. आबासाहेब दुसऱ्या दिवशीही आले.

मार्गशीर्षात राहिलेला माल आला. या खेपेला पुरता. डॉक्टरांनी खोकी उघडली तेव्हा दारात बरीच माणसं जमली होती. तिसगावचा वाटा आत गेला. शेवगावची आणि करंजीची खोकी पायरीवर वेगळी ठेवली.

“करंजीला बन्सीला निरोप धाडू, तो येईल घेऊन जायला,” डॉक्टर म्हणाले.

“तो यायचा न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “मीच जाते.”

“आज?”

“आजच. आन् उद्या शेवगाव.”

आबासाहेबांनी गड्याला बोलावलं आणि कमिटीची बैलगाडी जोडायला सांगितली. मनकर्णानं पदर खोचला, करंजीची खोकी पुढं आणि शेवगावची मागं ठेवून घेतली, आणि चाकाच्या बाजूला बसली. दारातल्या एका बाईनं विचारलं, “पुन्हा कवा येनार माल?”

“आषाढाच्या आत,” गाडी हलताना ती म्हणाली. “पुढल्या खेपेला आपुन चारी गावं नेवाशाला बसनार हाय, मागनी करायला.”